नरक्या : झाड, औषध आणि कुऱ्हाड

पाचगणीचं झाड कुठलं, असं एखाद्या पर्यटकाला विचारलं तर तो सिल्व्हर ओककडे बोट दाखवेल. रस्त्याच्या कडेला, शाळांच्या आवारात, जुन्या बंगल्यांच्या फाटकापाशी तोच उभा असतो. पण सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाच्या देखरेखीखाली दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या माळावर हवा खायचं ठिकाण वसलं, तेव्हा बाहेरून आणलेल्या झाडांबरोबर तोही आला आणि रुजला. इथल्या डोंगरांचा जगभरच्या कर्करोग रुग्णालयांशी संबंध जोडणारं झाड मात्र रस्त्यावरून दिसत नाही, आणि दिसलं तरी त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. ते झाड म्हणजे नरक्या.

नरक्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या औषधांचा पाया हे द्रव्य आहे. पण या गुणापायी सह्याद्रीतली नरक्याची झाडं गेल्या काही दशकांत झपाट्याने तुटली. हे झाड राहतं कुठे, त्याच्यातलं द्रव्य करतं काय, रानातल्या लाकडाचं इंजेक्शन कसं होतं आणि झाड संपण्याचं खरं कारण कोणतं, हे एकेक करून पाहू.

पावसाची उतरंड

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला यावं आणि तसंच पुढे महाबळेश्वरला जावं. हा सगळा रस्ता तासा-दीड तासाचा. पण एवढ्या अंतरात पावसाचा हिशेब पार बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो. घाट उतरून वाईला आलं की तो सातशे मिलिमीटरच्या घरात येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पूर्वेकडे जाताना त्यांच्यात फारसं पाणी उरत नाही.

जंगल या उतरंडीप्रमाणेच बदलत जातं. पाचगणीच्या पूर्वेला उघडे, गवताळ डोंगर आणि जांभ्याची पठारं. पश्चिमेला महाबळेश्वरच्या माथ्यावर, कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या दऱ्यांत आणि प्रतापगडाच्या बाजूला सदाहरित आणि निमसदाहरित रान. वारा आणि जांभ्याची उथळ माती यांमुळे माथ्यावरची झाडं फार उंच होत नाहीत. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही इथली नेहमीची मंडळी. त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतून वर छत तयार होतं आणि खाली ओलसर सावली राहते. नरक्या या सावलीत वाढतो.

म्हणजे पाचगणी हा त्याच्या प्रदेशाचा कोरडा काठ आहे. त्याचं खरं घर इथून पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलं आहे : महाबळेश्वर, कोयना, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याला लागून असलेलं चांदोली, कोल्हापुरातलं राधानगरी, तळकोकणाच्या माथ्यावरची आंबोली, आणि तिथून पुढे गोवा, कर्नाटक, केरळ, निलगिरी. श्रीलंकेत, ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियातही तो सापडतो. प्रजात म्हणून त्याचा पसारा मोठा आहे. पण पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पतींची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये केली आहे, कारण इथल्या झाडांवर तोडीचा ताण सर्वांत जास्त पडला.

झाड ओळखायचं कसं

नरक्या हे मध्यम चणीचं झाड आहे. बहुतेक वेळा तीन ते आठ मीटर उंच, कधी झुडपासारखंच. साल करडी, सुरकुतलेली. कोवळ्या फांद्यांवर गळून गेलेल्या पानांचे ठसठशीत वण दिसतात. पानं फांदीच्या टोकाकडे दाटीने येतात, एकाआड एक. पान वीतभर लांब, अंडाकृती, लांब देठाचं. देठापाशी पानाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक बाजू किंचित खाली उतरलेली असते. ओळखीची ही एक चांगली खूण. दुसरी खूण नाकाला कळते. पान चुरगाळलं की उग्र, नकोसा वास येतो. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ लागतात, त्यांनाही तोच दर्प. पावसाळा सरता सरता जांभळट लाल, पुढे काळपट होणारी लांबट फळं धरतात. प्रत्येक फळात एकच बी.

वनस्पतिशास्त्रात त्याचं आजचं नाव नोथापोडायटिस निमोनियाना. या नावामागे मुंबईच्या दोन हौशी वनस्पतिशास्त्रज्ञांची मेहनत आहे. जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची सूची १८३९ मध्ये निघाली. पण ती पूर्ण होण्याआधीच खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला आणि उरलेलं काम जोसेफ निमो याने हातावेगळं केलं. त्याच सूचीत हे झाड निमोच्या नावाने नोंदलं गेलं. मधल्या काळात ते मॅपिया फीटिडा म्हणूनही ओळखलं जाई, त्यामुळे जुन्या संशोधनात हेच नाव भेटतं.

नंदुरबारचा रसायनशास्त्रज्ञ

कॅम्पटोथेसिन पहिल्यांदा सापडलं ते नरक्यात नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याकडे जगभरातून आणलेल्या हजारो वनस्पतींचे अर्क साठवलेले होते. शोध चालला होता कॉर्टिसोन हे औषध बनवण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा. त्यातले काही अर्क कर्करोगाच्या चाचणीसाठी पाठवले, तेव्हा चिनी बियांपासून कॅलिफोर्नियात वाढवलेल्या कॅम्पटोथेका नावाच्या झाडाच्या अर्काने उंदरांमधल्या कर्करोगाला चांगलाच आळा घातला. त्या कामाचे प्रमुख होते मन्रो वॉल. पुढे ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये मनसुख वाणी त्यांना येऊन मिळाले.

वाणींचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वॉल आणि वाणी यांनी त्या चिनी झाडाच्या लाकडातून आणि सालीतून कॅम्पटोथेसिन वेगळं काढलं आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने पॅसिफिक यू या झाडातल्या टॅक्सॉलची रचना मांडली. कर्करोगावरच्या उपचारात वनस्पतींपासून मिळालेल्या ज्या औषधांनी मोठा फरक पाडला, त्यांतली ही दोन एकाच प्रयोगशाळेतून आली. वाणी २०२० मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारले.

इकडे मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. त्याचे संचालक टी. आर. गोविंदाचारी हे वनस्पतींमधल्या अल्कलॉइडांचे नाणावलेले अभ्यासक. १९७२ मध्ये त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडात, म्हणजे आपल्या नरक्यात, कॅम्पटोथेसिन असल्याचं दाखवलं. नुसतं असल्याचंच नाही, तर चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात असल्याचं. सुक्या लाकडाच्या हजार भागांत सुमारे एक भाग. पुढच्या अभ्यासांत काही झाडांत, विशेषतः मुळाच्या आणि खोडाच्या सालीत, ते याहून बरंच जास्त मिळालं. सह्याद्रीच्या सावलीत वाढणाऱ्या या दुर्लक्षित झाडाचं नशीब त्या दिवशी बदललं. चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही.

पेशीच्या आत काय होतं

कॅम्पटोथेसिन कर्करोगाच्या पेशीला कसं मारतं हे समजायला आधी डीएनएची अडचण समजली पाहिजे. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे. पेशीचे दोन भाग व्हायचे असतील तर आधी या धाग्यांची नक्कल व्हावी लागते, आणि त्यासाठी ते उलगडावे लागतात. विहिरीवरच्या चऱ्हाटाचे दोन पदर मधूनच ओढून वेगळे करू गेलात तर पुढचा दोर पिळानेच आवळतो आणि गाठी पडू लागतात. डीएनएचं अगदी तसंच होतं.

हा पीळ सोडवायला पेशीत टोपोआयसोमरेझ-१ नावाचं एन्झाइम असतं. त्याची पद्धत सुटसुटीत आहे. ते दोन धाग्यांपैकी एक कापतं, कापलेलं टोक स्वतःशी धरून ठेवतं, पीळ निघू देतं आणि लगेच टोकं पुन्हा जोडतं. कापणं आणि जोडणं यांच्यामध्ये एक अगदी छोटा क्षण असतो, आणि कॅम्पटोथेसिन नेमका तोच क्षण पकडतं. त्याचा चपटा रेणू कापलेल्या जागी, एन्झाइम आणि डीएनए यांच्या फटीत जाऊन बसतो. मग एन्झाइमला टोकं जोडता येत नाहीत. ते तिथेच अडकून राहतं.

धागा एकच तुटलेला असल्यामुळे एवढ्यावर पेशी मरत नाही. संकट येतं ते नक्कल करणारी यंत्रणा वेगाने येऊन त्या अडकलेल्या जागी धडकते तेव्हा. एका धाग्यावरची चीर मग आरपार तुटीत बदलते. अशा तुटी साठत गेल्या की पेशी स्वतःच आपला शेवट करते. म्हणजे डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशींवर या द्रव्याचा घाव सर्वांत खोल जातो. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्या तावडीत सापडतात. आपल्या आतड्यांच्या अस्तराच्या आणि हाडांतल्या मगजाच्या पेशीही भराभर विभागतात. म्हणूनच या औषधांनी जुलाब होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

ही यंत्रणा कळली १९८५ मध्ये. त्याच्या बरंच आधी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून तेव्हा त्याचा सोडियम क्षार करून शिरेतून दिला गेला. पण तसं करताना रेणूतलं एक वलय उघडतं आणि औषधाची धार बोथट होते. पुढे लघवीत ते वलय पुन्हा मिटतं, आणि त्यामुळे रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. फायदा कमी, त्रास जास्त. द्रव्य बाजूला पडलं.

ते पुन्हा वर आलं ते यंत्रणा कळल्यावर. नेमकं कुठे बोट ठेवायचं हे रसायनशास्त्रज्ञांना उमगलं आणि मूळ रेणूला जोड देऊन पाण्यात विरघळणारी दोन औषधं तयार झाली. एक इरिनोटेकॅन. ते जपानच्या याकुल्ट कंपनीने विकसित केलं, तीच याकुल्ट जिचं आंबवलेल्या दुधाचं पेय आपल्याकडे विकलं जातं. जपानमध्ये त्याला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. दुसरं टोपोटेकॅन. अमेरिकेने १९९६ मध्ये दोन्हींना मान्यता दिली. अलीकडे कर्करोगाच्या पेशी शोधून तिथेच औषध सोडणाऱ्या प्रतिपिंडांची नवी पिढी आली आहे. त्यांतल्या स्तनाच्या कर्करोगावरच्या काही महत्त्वाच्या औषधांमध्ये जोडलेला विषारी भागही कॅम्पटोथेसिनच्याच घराण्यातला आहे. सुरुवातीला टाकून दिलेलं द्रव्य साठ वर्षांनीही कामाला येतं आहे.

मग एक प्रश्न उरतो. हे विष अंगात बाळगणाऱ्या झाडाच्या स्वतःच्या पेशी कशा मरत नाहीत? टोपोआयसोमरेझ तर झाडातही असतं. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या काही वनस्पतींच्या टोपोआयसोमरेझमध्ये औषध जिथे बसतं तिथलाच एक घटक बदललेला असतो. त्यामुळे रेणूला तिथे पकड मिळत नाही. झाड किडींना आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवायला विष तयार करतं आणि स्वतः त्याच्यापासून सुरक्षित राहतं.

लाकडापासून इंजेक्शनपर्यंत

आता प्रत्यक्ष प्रवास. झाड तोडलं की खोड, फांद्या आणि मुळं यांच्या ढपल्या पाडतात आणि त्या वाळवतात. वाळलेल्या ढपल्यांना पोत्यात भरल्यावर जळाऊ लाकडाहून वेगळं असं काही दिसत नाही, आणि चोरट्या व्यापाराला याचाच फायदा मिळतो. पुढे कारखान्यात त्यांची भुकटी करून ती मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवतात. द्रावक उडवून लावलं की दाट, गडद अर्क उरतो. तो टप्प्याटप्प्याने शुद्ध करत गेलं की शेवटी फिकट पिवळे, सुईसारखे स्फटिक हाती येतात. अतिनील दिव्याखाली ते निळे चमकतात, त्यावरूनही ते ओळखता येतात. हे स्फटिक म्हणजे कॅम्पटोथेसिन. इथून पुढे रासायनिक बदल करून इरिनोटेकॅन किंवा टोपोटेकॅन बनतं. हे द्रव्य पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवण्याचे मार्ग १९७१ पासून माहीत आहेत, पण झाडातून मिळालेल्या कॅम्पटोथेसिनपासून सुरुवात करणं बराच काळ परवडणारं ठरलं.

एका रुग्णाला किती झाड लागतं, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकॅन दर तीन आठवड्यांनी देण्याची एक पद्धत आहे. त्यात मध्यम अंगकाठीच्या माणसाला एका वेळी साडेपाचशे-सहाशे मिलिग्रॅम औषध जातं. सहा फेऱ्या धरल्या तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. इरिनोटेकॅनचा रेणू कॅम्पटोथेसिनच्या जवळपास दुप्पट वजनाचा, म्हणजे मूळ द्रव्य लागलं दोन ग्रॅमच्या आत-बाहेर. हजारास एक या प्रमाणाने त्यासाठी दोन किलो सुकं लाकूड पुरावं. काढताना आणि बनवताना होणारी घट सढळ हाताने धरली तरी सात-आठ किलोंवर जायला नको.

सात-आठ किलो सुक्या लाकडासाठी अख्खं झाड मुळासकट उपटायची गरज नाही. थोड्या फांद्या छाटल्या तरी भागेल. तरीही झाडं मुळासकट गेली, ती का ते आता पाहू.

झाड संपतं ते कसं

१९९० च्या दशकात औषधांना मान्यता मिळाली आणि जगाला कॅम्पटोथेसिन टनांनी लागू लागलं. हजार टन लाकडातून एक टन द्रव्य, हा व्यापारातला ढोबळ हिशेब. चीनने स्वतःच्या कॅम्पटोथेका झाडाला १९९९ मध्ये संरक्षित वनस्पतींच्या यादीत घातलं. भारतात नरक्या आपोआप उगवलेला होता, त्याला लावणारा कुणी नव्हता, आणि डोंगरातल्या माणसाला त्याची फारशी किंमतही नव्हती. दलाल आले. किलोमागे मजुरी मिळू लागली. किलोमागे मजुरी मिळाली की माणूस जास्तीत जास्त किलो काढणार हे उघड आहे. आणि मुळात द्रव्य जास्त असतं हे कळल्यावर खणून मुळंही काढली जाऊ लागली.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यात नरक्याच्या ढपल्या पकडल्याच्या बातम्या गेली दोन दशकं अधूनमधून येत असतात. पकडला जातो तो बहुतेक वेळा ट्रकचालक किंवा ढपल्या पाडणारा मजूर. माल कुणाकडे चालला होता तिथपर्यंत तपास क्वचितच पोचतो.

या भागातलं बरंच रान मालकीचं आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण तालुक्यांत वन खात्याच्या हद्दीला लागून खासगी डोंगर आहेत. तिथे राखणदार नाही. शेती परवडत नाही आणि मुंबई-पुण्याला गेलेली पोरं जमिनीकडे बघत नाहीत. अशा ठिकाणी चार पैसे देऊन 'निरुपयोगी' झाडं नेणारा माणूस मालकाला त्रासदायक वाटत नाही.

त्यात नरक्याचं पुनरुत्पादन मंद आहे. सगळ्या झाडांना फळ धरत नाही. काही झाडांवर फक्त नर फुलं येतात, काहींवर मादी, काहींवर दोन्ही प्रकारची. आसपासची झाडं तुटत गेली की उरलेल्या मादी झाडाला परागकण मिळणंच कठीण होतं. बी फार काळ टिकत नाही, ते ताजं असतानाच रुजावं लागतं, आणि रुजायलाही वेळ घेतं. रोपाला सावली आणि ओल लागते. वरचं छत मोडलं, वणवा लागला किंवा जनावरं चरली की रोप टिकत नाही. थोडक्यात, एका डोंगरावरची पन्नास झाडं काढायला दोन-चार माणसांना काही दिवस पुरतात, ती परत यायला मात्र कित्येक वर्षं जातात.

उपाय झाडातच आहे

नरक्याला एक मोठा गुण आहे. बुंधा जमिनीच्या वर ठेवून कापला तर तो पुन्हा फुटतो. खुंटाला धुमारे येतात आणि काही वर्षांत झाड पुन्हा उभं राहतं. मूळ उपटलं की मात्र सगळं संपतं. म्हणजे एकच झाड जमिनीच्या वर छाटून घेतलं तर ते परत परत लाकूड देऊ शकतं. पानांतही काही प्रमाणात कॅम्पटोथेसिन असतं. पानं खुडल्याने झाड मरत नाही. चीनमध्ये कॅम्पटोथेकाच्या कोवळ्या पानांपासून द्रव्य मिळवण्याचा विचार याच कारणाने पुढे आला.

दुसरं, सगळी झाडं सारखी नसतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटात ठिकठिकाणची झाडं तपासली, तेव्हा एका झाडात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त द्रव्य असल्याचं आढळलं. ही जास्त द्रव्याची झाडं निवडून त्यांची रोपं केली तर कमी झाडांत जास्त काम होईल. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊतीसंवर्धनावर काम झालं आहे, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत पोषक द्रव्यावर वाढवून रोपं किंवा पेशी तयार करणं.

तिसरा मार्ग अधिक विचित्र. नरक्याच्या सालीच्या आत राहणारी काही बुरशी झाडासारखंच कॅम्पटोथेसिन बनवते, असं जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. बुरशी टाकीत वाढवता येते. झाड तोडायचं कारणच उरणार नाही, अशी आशा तेव्हा निर्माण झाली. पुढे लक्षात आलं की झाडाबाहेर पुन्हा पुन्हा वाढवलं की बुरशीचं उत्पादन घटत जातं. प्रयत्न चालू आहेत. पण आज तरी बुरशी झाडाची जागा घेऊ शकत नाही.

या सगळ्यांत सर्वांत साधा आणि लगेच करता येण्यासारखा मार्ग लागवडीचाच. सदाहरित रानाच्या कडेला, मालकी डोंगरांवर, देवराईंच्या लगत, स्थानिक बियांपासून रोपं लावायची. पाचगणी-महाबळेश्वर परिसर जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कागदावरचं संरक्षण आहे. त्या हद्दींच्या बाहेर, जिथे नरक्या अजूनही मालकाच्या मर्जीवर उभा आहे, तिथे लागवड आणि जमिनीच्या वर कापणी हाच खरा बचाव. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या हद्दीत नरक्याची झाडं किती आहेत, कुठे आहेत, कोणती फळतात, एवढी नोंद जरी या समित्यांनी ठेवली तरी मोठं काम होईल.

आता वाचकासाठी तीन गोष्टी. पहिली, नरक्या घरगुती औषध नाही. त्याच्या पानांचा, सालीचा काढा करून कर्करोग बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या रेणूची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि रक्त तपासत देतात. अंदाजाने प्यायलेला काढा विष ठरू शकतो. दुसरी, तुमच्या मालकीच्या डोंगरावर कुणी 'वाळकी लाकडं' विकत घ्यायला आला तर आधी काय नेतोय ते बघा. वीतभर पान, उग्र वास आणि फांदीवर पानांचे वण दिसले तर व्यवहार थांबवा आणि वन खात्याला कळवा. तिसरी, नरक्या तोडायचाच असेल, परवानगी घेऊन तोडायचा असेल, तर मूळ जमिनीत राहू द्या. कर्करोगाच्या रुग्णाला औषध मिळण्यासाठी हे झाड मरण्याची गरज कधीच नव्हती, आणि आजही नाही.